पॅकेट हरवलं कुठे?

२००८ सालच्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी चालू होती, आणि चाचणी करणाऱ्यांपैकी काहींची नेटवर्क कार्डं मरू लागली. इंटेलच्या ठरावीक कार्डांवर त्यांची ओळख आणि मांडणी जपून ठेवणारा एक छोटा कायमस्वरूपी साठा असतो. त्यातला मजकूर जाऊन तिथे कचरा उरत होता. मशीन कितीदाही बंद-चालू करा, जुनी आवृत्ती परत घाला, कार्ड काही उठत नसे. संशय पहिल्यापासून कार्डाच्या ड्रायव्हरवर होता आणि तो साहजिकही होता, कारण त्या साठ्यात लिहिण्याचा हक्क असलेला तो एकटाच. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी घाईघाईने त्या साठ्याला लिहिण्यापासून कुलूपही घातलं.

खरा अपराधी ऑक्टोबरात सापडला आणि त्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नव्हता. कर्नलमधलं कोणतं फंक्शन कधी चालतं याचा माग काढणारी ‘एफट्रेस’ नावाची नवी सोय होती. तिने मेमरीतले काही पत्ते टिपून ठेवले होते. त्या पत्त्यांवरचा मूळ कोड काम झाल्यावर काढून टाकला गेला, मोकळे झालेले पत्ते कार्डाच्या ड्रायव्हरला मिळाले, आणि ड्रायव्हरने नेमका तिथेच कार्डाचा कायमस्वरूपी साठा जोडून घेतला. एफट्रेस आपल्या जुन्या यादीप्रमाणे तिथे लिहायला गेली. २.६.२७ बाहेर पडल्यावर पाठोपाठ आलेल्या २.६.२७.१ मध्ये ती सोय तात्पुरती बंदच करून टाकावी लागली.

हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण वर्दळीच्या सर्व्हरवर हेच रोज सौम्य रूपात घडतं. तक्रार येते नेटवर्कची, मूळ निघतं मेमरीत. कधी उलटही होतं. ‘कार्ड बदलून बघू’ किंवा ‘रॅम वाढवून बघू’ असं म्हणणारा माणूस पन्नास टक्के वेळा बरोबर ठरत असेल, पण तो शोध घेत नसतो, छापा-काटा खेळत असतो. पॅकेट नेमकं कोणत्या टप्प्यावर हरवलं हे विचारत गेलं तर खेळायची वेळ सहसा येत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी मोजदाद ठेवलेली असते.

तर पॅकेटच्या मागे जाऊ.

तारेवरून आलेलं पॅकेट कार्ड आधी स्वतःच्या चिपवरच्या छोट्याशा जागेत घेतं. शेवटी जोडलेल्या ३२ बिटांच्या पडताळणी-आकड्याशी ते जुळतं का पाहतं, आणि जुळलं तर प्रोसेसरला न विचारता थेट मुख्य मेमरीत लिहून टाकतं. कुठे लिहायचं? ड्रायव्हरने आधीच मेमरीत काही रिकाम्या जागा राखून त्यांची एक गोल यादी कार्डाला दिलेली असते. तिला रिंग म्हणतात. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखं हे काम चालतं: कार्ड एकेक गाडगं भरतं, प्रोसेसर ते रिकामं करतो आणि रिकामं गाडगं फिरून कार्डासमोर येतं. समोर आलेलं गाडगं अजून भरलेलंच असेल, तर नव्या पॅकेटला जागा नाही. चिपवरची जागाही भरली की पॅकेट गेलं. कुणाला निरोप नाही, तक्रार नाही. कार्डावरचा एक आकडा फक्त एकाने वाढतो.

आता वेळेचा हिशेब बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. १० गिगाबिटच्या जोडणीवर पूर्ण आकाराची, म्हणजे १५०० बाइट माल असलेली पॅकेटं सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार येऊ शकतात. एकाच्या वाट्याला सव्वा मायक्रोसेकंदाहून किंचित कमी. सर्वांत लहान, ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला १ कोटी ४८ लाखांच्या वर जातात आणि प्रत्येकाला उरतात ६७ नॅनोसेकंद. मुख्य मेमरीपर्यंतची प्रोसेसरची एक फेरीच शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास असते. रिंगमध्ये ५१२ जागा आहेत असं धरा (पुष्कळ कार्डांवर मुळात इतक्याच किंवा याहून कमी असतात), तर मोठ्या पॅकेटांची रिंग साधारण ६३० मायक्रोसेकंदांत भरते आणि लहानांची ३४ मायक्रोसेकंदांत. इतका वेळ प्रोसेसरचं लक्ष दुसरीकडे गेलं की पॅकेटं पडणार. दर पाच मिनिटांची सरासरी काढणाऱ्या आलेखावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे जोडणी तीस टक्केच वापरात असते, आणि आलेख बघणारा म्हणतो, लोड तर काहीच नाही! दहावीचा निकाल उघडतो त्या मिनिटाची सरासरी काढून त्या पहिल्या दहा सेकंदांबद्दल काही कळत नाही, तसलाच हा प्रकार.

म्हणून पहिली कमांड ‘इथटूल’. ती कार्डाचे स्वतःचे आकडे दाखवते. कार्डागणिक नावं बदलतात, पण दोन जाती ओळखता आल्या की काम भागतं. ‘सीआरसी’ एरर वाढत असतील तर पॅकेट येतानाच खराब होतं: केबल, कनेक्टर, ऑप्टिकल मॉड्यूल, समोरच्या स्विचचं पोर्ट. इथे मेमरी तपासत बसू नये, केबल बदलावी. जुन्या १०० मेगाबिटच्या जोडण्यांवर आणखी एक खोड असायची. एका टोकाला वेग हाताने पक्का केलेला आणि दुसरं टोक आपोआप ठरवू पाहणारं. मग एक बाजू एकाच वेळी बोलते-ऐकते आणि दुसरी पाळीपाळीने. लोड नसताना सगळं ठीक, वर्दळ वाढली की वेग कोसळतो. अशा जोडण्या आता क्वचित दिसतात, पण कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांशी बोलणाऱ्या सर्व्हरवर हे अजून भेटतं.

दुसरी जात ‘मिस्ड’ किंवा ‘नो बफर’ असल्या नावांची. यात पॅकेट धडधाकट आलं, पण ठेवायला जागा नव्हती. म्हणजे तारेला आणि बहुधा कार्डालाही निर्दोष सोडायला हरकत नाही. प्रश्न असा की गाडगी वेळेवर रिकामी का झाली नाहीत.

सर्वांत साधं उत्तर: रिकामी करणारा एकच आहे आणि तो दमला आहे. सोळा कोअरच्या सर्व्हरवर एकूण वापर सात-आठ टक्के दिसतो आणि त्यातला एक कोअर मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो, कारण कार्डाची सगळी इंटरप्ट, म्हणजे ‘पॅकेट आलंय’ अशा हाका, त्याच्याच दारात. ‘टॉप’ उघडून १ ची कळ दाबा, कोअर वेगवेगळे दिसतील. आताची कार्डं अनेक रिंग बाळगतात आणि पॅकेटं त्यांत वाटून देतात. वाटणी मात्र दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट पाहून होते. सगळी वर्दळ एकाच टनेलमधून येत असेल तर पत्तेही तेच आणि रिंगही तीच. अशा वेळी पाहिजे तितके कोअर विकत घ्या, फरक पडत नाही. दोन प्रोसेसरच्या मशीनवर आणखी एक मेख असते. कार्ड एका प्रोसेसरला जोडलेलं, काम मात्र दुसऱ्याकडे लावलेलं, आणि दर पॅकेटला मधला पूल ओलांडावा लागतो.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा. प्रत्येक पॅकेटला एक इंटरप्ट ही जुनी रीत. वर्दळ वाढली की प्रोसेसर इंटरप्टांना ‘ओ’ देण्यातच गुंतायचा, आलेली पॅकेटं पुढच्या रांगेत टाकायचा, आणि ती रांग उपसायला त्याला वेळच मिळायचा नाही. रांग भरलेली, म्हणून घेतलेली पॅकेटं फेकून द्यायची. त्यांच्यावर केलेली मेहनतही फुकट. मशीन शंभर टक्के राबतंय आणि निष्पन्न शून्य. जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या स्थितीवर शोधनिबंध लिहिला आणि तोडही सुचवली: गर्दी झाली की इंटरप्ट बंद करा आणि प्रोसेसरला सवड होईल तसं त्यानेच जाऊन रिंग उपसावी. लिनक्समध्ये हीच कल्पना २००१च्या सुमारास जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी ‘नॅपी’ या नावाने आणली. तिच्यामुळे आजचा सर्व्हर गर्दीत तडफडत नाही. पॅकेटं कार्डाच्या दारातच पडतात, जिथे ती पडणं सगळ्यांत स्वस्त असतं. ‘ड्रॉप’चा आकडा पाहून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो आकडा शून्य असलाच पाहिजे असा आग्रह व्यर्थ आहे. तो केव्हा वाढतो हे पाहायचं.

आता मेमरी. रिकामं झालेलं गाडगं परत लावायचं तर ड्रायव्हरला त्यासाठी नवी जागा मागावी लागते, निदान पुष्कळ ड्रायव्हर तसं करतात. आणि ही मागणी अशा क्षणी होते की थांबायची मुभा नसते. साध्या प्रोग्रामने मेमरी मागितली आणि ती नसली, तर कर्नल त्याला म्हणतो, थांब, डिस्कवर थोडं लिहून टाकतो, जागा करतो. पॅकेट घेणाऱ्याला असं थांबवता येत नाही. त्याला जागा आत्ता हवी, नाही तर नाही. अशांसाठी कर्नल थोडी मेमरी नेहमी बाजूला राखून ठेवतो, पण ही राखीव जागा संपेल इतका मोठा लोंढा आला की लॉगमध्ये ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ उमटतं आणि त्याखालच्या यादीत नेटवर्क ड्रायव्हरचं नाव असतं. इथेच माणसं फसतात. नाव ड्रायव्हरचं म्हणून कार्ड बदलतात. किंवा फेल्युअर मेमरीचं म्हणून रॅम दुप्पट करतात, आणि तीन दिवसांत ती दुप्पट रॅमही फाइलींच्या कॅशेने भरून पुन्हा तोच संदेश येतो.

लिनक्स रिकामी मेमरी मुद्दाम रिकामी ठेवत नाही. वाचलेल्या फाइली तो उरलेल्या मेमरीत धरून ठेवतो, लागेल तेव्हा सोडतो. म्हणून ‘फ्री’ या कमांडमधला ‘फ्री’चा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे आणि ‘अव्हेलेबल’चा कामाचा. कर्नलने तो २०१४ साली ३.१४ आवृत्तीपासून द्यायला सुरुवात केली. त्याआधीची कित्येक वर्षं जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी ‘रॅम संपली’ म्हणून विनाकारण झोप घालवली. पण ‘अव्हेलेबल’ भरपूर असूनही वरचा संदेश येऊ शकतो. सोडता येण्याजोगी मेमरी आणि या क्षणी सोडलेली मेमरी यांत काही मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि आपला सगळा हिशेब मायक्रोसेकंदांचा चालला आहे. उपाय रॅम घालण्याचा नाही. राखीव हिस्सा वाढवायचा, त्यासाठी कर्नलमध्ये ‘मिन फ्री केबाइट्स’ नावाचं मूल्य आहे. तेही भसाभसा वाढवू नये, कारण राखीव जागा इतर प्रोग्रामांच्या तोंडची असते.

त्या संदेशात ‘ऑर्डर’ असा एक शब्द आणि पुढे आकडा असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. ऑर्डर ० म्हणजे ४ किलोबाइटचं एक पान मागितलं आणि तेही नव्हतं, म्हणजे खरोखर ओढाताण आहे. ऑर्डर ३ म्हणजे एकाला एक लागून आठ पानं, ३२ किलोबाइट सलग हवे होते. मेमरी असेल गिगाबाइटांनी मोकळी, पण विखुरलेली. हा घोटाळा ९००० बाइटच्या जंबो पॅकेटांनी गाजवला. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये नऊ हजार बाइटसाठी पुढचा दोनाचा घात, म्हणजे १६ किलोबाइट, घेतला जाई. त्यात कर्नलची स्वतःची थोडी माहिती मिळवली की तो १६ मध्ये मावेना, आणि थेट ३२ ची मागणी होई. नऊच्या मालाला बत्तीसची जागा, तीही सलग! सर्व्हर ताजा चालू केला असताना सगळं सुरळीत. आठवडाभर वर्दळ खाऊन मेमरीचे तुकडे झाले की पॅकेटं पडायला लागत. रिस्टार्ट केला की पुन्हा छान. नंतरचे ड्रायव्हर मोठं पॅकेट वेगवेगळ्या पानांत वाटून ठेवायला शिकले.

मेमरीचे हे असे दुपटी-दुपटीचे तुकडे पाडण्याच्या पद्धतीला ‘बडी’ पद्धत म्हणतात. केनेथ नोल्टन यांनी ती १९६५ साली छापून सविस्तर मांडली, पण त्याआधी १९६३ मध्ये ती वापरली होती हॅरी मार्कोविट्झ यांनी. गुंतवणूक वेगवेगळ्या ठिकाणी कशी वाटावी याच्या सिद्धांतासाठी १९९० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच हे मार्कोविट्झ.

इथवर मेमरी अपुरी किंवा विस्कटलेली होती, खराब नव्हती. खराब मेमरीची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त रंजक.

सर्व्हरच्या मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ बिट पडताळणीचे असतात. एक बिट उलटला तर तो जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. रिचर्ड हॅमिंग यांचा यामागचा निबंध १९५० सालचा. बेल लॅब्जमधलं रिलेवर चालणारं यंत्र शनिवार-रविवारी चूक आढळली की त्यांचं गणित सोडून पुढच्याकडे वळायचं, त्या वैतागातून तो जन्मला. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनांवर आणि आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांवर दुरुस्त झालेली निदान एक चूक नोंदली गेली होती. त्याआधीची समजूत अशी की असल्या चुका अवकाशातून आलेल्या कणांच्या, कुठेही, कशाही होणाऱ्या. आकड्यांनी सांगितलं की बहुतेक चुका त्याच त्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे पट्टीच आजारी असते, आणि आजारी पट्टी बदलता येते.

‘दुरुस्त झाली ना चूक, मग कशाला बदलायची?’ हा प्रश्न खरेदी विभाग हमखास विचारतो. त्याचं उत्तर पुन्हा आपल्याला रिंगपाशी आणतं. अनेक सर्व्हरवर दुरुस्त झालेल्या चुकीची नोंद घ्यायला मदरबोर्डचं फर्मवेअर पुढे सरसावतं. ते सगळ्या कोअरना थांबवतं, नोंद करतं आणि मग सोडतं. ऑपरेटिंग सिस्टिमला याचा पत्ताही लागत नाही. तिच्या दृष्टीने मधला काळ घडलेलाच नसतो. हा थांबा कित्येक मिलिसेकंदांचा असू शकतो. रिंग भरायला ६३० मायक्रोसेकंद पुरतात हे वर आलंच आहे. परिणाम असा: प्रोसेसर रिकामा, मेमरी मुबलक, केबल नवी, आणि मधूनच शे-पाचशे पॅकेटं एकदम गायब. नेटवर्कवाले नेटवर्क तपासतात, कार्ड बदलतात, स्विच बदलतात. दोष पट्टीच्या एका चिपमध्ये. म्हणून पॅकेट गळतीच्या तपासात मेमरी चुकांची नोंद बघणं हे माझ्या मते शेवटचं नाही, पहिल्या पाच मिनिटांतलं काम आहे. लिनक्समध्ये ती ‘इडॅक’च्या आकड्यांत असते, शिवाय सर्व्हरच्या स्वतंत्र व्यवस्थापन चिपच्या नोंदवहीत. ही दुसरी नोंद महत्त्वाची, कारण ती रिस्टार्टनंतरही टिकते. कार्डाचे आणि कर्नलचे आकडे मात्र रिस्टार्ट केल्यावर शून्यावर जातात. ‘आधी रिस्टार्ट मारून बघू’ म्हणणाऱ्याने म्हणून आकडे फाइलीत उतरवून ठेवण्याइतका दम धरावा.

पडताळणीचे बिट नसलेल्या मेमरीत बिट उलटला तर काय होतं, याचाही एक सुंदर पुरावा आहे. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या वर्दळीतली पॅकेटं तपासली. तारेवरची ३२ बिटांची पडताळणी पार करून आलेल्यांपैकी दर ११०० ते ३२००० पॅकेटांमागे एक टीसीपीच्या आतल्या पडताळणीत नापास होत होतं. तारेवरच बिघडलं असतं तर चारशे कोटींत एखादंच निसटायला हवं. म्हणजे ती तारेवर बिघडत नव्हतीच. पाठवणाऱ्याच्या किंवा मधल्या राउटरच्या मेमरीत, कार्डात किंवा सॉफ्टवेअरात बिघडून मग नवी कोरी पडताळणी लावून निघत होती. आजची कार्डं टीसीपीची पडताळणीही स्वतःच उरकतात. प्रोसेसरचा वेळ वाचतो हे खरं. पण कार्डाने ‘बरोबर’ असा शेरा मारल्यावर मेमरीत बिट उलटला तर तो पकडायला टीसीपीकडे काही उरत नाही.

अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा २० जुलै २००८ रोजी कित्येक तास बंद पडली ती अशाच एका बिटापायी. ग्राहकांच्या फाइलींना पडताळणी-आकडा होता. सर्व्हर एकमेकांना आपली हालहवाल कळवण्यासाठी जे निरोप पाठवत, त्यांतल्या या माहितीला नव्हता. मोजक्या निरोपांत एकेक बिट बदलला, निरोप वाचता येण्याजोगाच राहिला, मजकूर मात्र खोटा झाला, आणि ती खोटी माहिती एका सर्व्हरने दुसऱ्याला सांगत सगळीकडे पसरली. शेवटी सगळी यंत्रणा थांबवून, ती हालहवाल पुसून, नव्याने सुरू करावी लागली.

कार्ड खरोखरच दोषी असतं तेव्हा? तेही होतं. २०१३ साली क्रिस्टियन कीलहॉफनर या अमेरिकी इंजिनिअरने इंटेलच्या ८२५७४-एल चिपची एक केस उघड केली. इंटरनेटवरून टेलिफोन चालवणारी त्याची मशीनं मधूनच नेटवर्कवरून नाहीशी होत, आणि वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय परत येत नसत. वर्दळ कमी असो की जास्त. मेमरी ठीक, ड्रायव्हर नवा, केबल नवी. शेवटी त्याने एका विशिष्ट उत्पादकाच्या फोनकडून येणारं पॅकेट पकडून ठेवलं आणि तेच पुन्हा सोडलं: कार्ड बंद. मग एकेक बाइट बदलत तो एका ठरावीक जागेपाशी पोचला. पॅकेटच्या सुरुवातीपासून मोजलेल्या ११५१ क्रमांकाच्या जागी २ हा अंक असला की कार्ड मरायचं, आणि त्याच जागी ४ असलेलं पॅकेट आधी येऊन गेलं असेल तर मग ते मारणाऱ्या पॅकेटलाही दाद देत नसे. इंटेलने तपासून सांगितलं की चिपमध्ये खोट नाही; त्या मदरबोर्डच्या उत्पादकाने चिपशेजारच्या कायमस्वरूपी साठ्यात चुकीचा मजकूर भरला होता. कीलहॉफनरला ती कार्डं फेकून द्यावी लागली नाहीत. साठ्यातला मजकूर दुरुस्त केल्यावर तीच कार्डं तेच पॅकेट मुकाट घेऊ लागली.